मोरीपासूनचं माप

माझ्या हातात नगरपालिकेचा टेप आला तेव्हा मला गावातलं एकच घर मोजायचं होतं. बाकीचीही मोजली, पगार त्याचाच होता. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी चामड्याच्या गोल डबीतला तो टेप खिशात टाकून मी आमच्या गल्लीतून मुद्दाम हळू चालत गेलो, आणि शेजारच्या खत-बियाण्यांच्या दुकानापुढे थांबून डबी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गल्ल्यावर बसलेल्या शेजाऱ्याने पाहिलं. त्याने पाहावं एवढंच मला हवं होतं.

हे लिहिताना मी पन्नाशीला आलो आहे आणि तो राग अजून गेलेला नाही. शेजारी आता म्हातारा झाला आहे, काठी घेऊन चालतो. तरी त्याची ती भिंत पाहिली की माझ्या दाढा एकमेकींवर बसतात. आधी भिंतीचं सांगतो.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं, तालुक्याचं. घर धाब्याचं, मातीच्या भिंतींचं, दोन खणांचं. पुढचं दार गल्लीत उघडायचं आणि मागच्या खोलीला एकच खिडकी होती. ती शेजारच्या पडक्या जागेकडे उघडत असे. त्या खिडकीखाली आईचं शिलाई मशीन. लग्नात तिच्या वडिलांनी टेंभुर्णीच्या बाजारातून घेऊन दिलेलं, पायाने चालवायचं. वडील अंकुशनगरला कारखान्यावर हंगामी कामाला होते. ऊस संपला की घरी बसायचे. वर्षभराचं घर आईच्या मशीनवर चालत होतं. शाळेचे गणवेश, परकर, पोलकी, बाळंतपणातली झबली. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचं काम असलं की ती सकाळच्या उजेडात करायची, कारण वीज असली तरी तिचा भरवसा नव्हता.

मी नववीत असताना ती पडकी जागा हसनाबादकडच्या एका जमीनदार शेतकऱ्याने घेतली. त्याला मुलांच्या शिक्षणासाठी गावात राहायचं होतं आणि पुढे दुकान टाकायचं होतं. चांगला धट्टाकट्टा माणूस, मोठ्याने हसणारा. पाया खोदला तेव्हा त्याने आम्हालाही पेढे दिले. मग जोता वर आला आणि आईच्या लक्षात आलं की भिंत आमच्या खिडकीला चिकटून उठणार आहे.

ती गेली. मी तिच्या मागे उभा होतो. नगरपालिकेचा तेव्हाचा ओव्हरसियर त्या दिवशी जोता तपासायला आला होता. म्हणजे लोखंडी खुर्चीवर बसून कांदाभजी खात होता. माप असं त्याने घेतलंच नाही. आमच्याकडे सगळे ओव्हरसियर रस्त्याकडेच्या मोरीपासून माप घ्यायचे. मोरीच्या काठावर पाय ठेवायचा, तिथून घराच्या पायापर्यंत पावलं टाकायची आणि ‘ठीक आहे’ म्हणायचं. बाजूला किती सोडलं ते कोणी विचारतच नव्हतं.

“भाऊ,” आई म्हणाली, “तीन फूट न्हाई म्हणत मी. दोन सोडा. खिडकीतून उजेड आला म्हंजे झालं.”

“वहिनी, मी बराबर परवानगी काढून बांधून राह्यलो,” शेजारी म्हणाला. “फुकट न्हाई बांधत. विकास शुल्क भरलंय, पावती हाय. तुमच्याकडं कायदा असंल तर दाखवा.”

आईने ओव्हरसियरकडे पाहिलं. त्याने भजं तोंडात टाकलं आणि बोटं रुमालाला पुसली.

“बाई, तुमच्या घराचा नकाशा मंजूर हाय का?”

“आमचं घर जुनं हाय साहेब. सासऱ्याच्या काळातलं.”

“मंग नकाशा न्हाई. नकाशा न्हाई म्हंजे खिडकी न्हाई. नसलेल्या खिडकीला उजेड कुठून द्यायचा?”

दोघं हसले. गवंडीही हसले, कारण मालक हसला होता. आईने पदर नीट केला आणि घरी आली. मी तिथेच थांबलो होतो. शेजाऱ्याने माझ्याकडे भज्यांचा कागद सरकवला. “घे रे बापू.” मी घेतलं नाही. त्या वयात मला दुसरं काही करता आलं नाही.

भिंत वर गेली. खिडकीत आधी पांढरा उजेड होता, मग राखाडी, मग विटा. आईने काही दिवस कंदील लावून काम केलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, एका गणवेशाच्या बाह्या उलट्या लागल्या. मग तिने मशीन उचलून घरापुढच्या ओट्यावर नेलं. ओटा आजोबांनी मोरीवर दगड टाकून बांधलेला. वर तिने पोत्याचं छत केलं. तिथून पुढे ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर बसून शिवत राहिली. पुरुष जाताना ‘काय मास्तरीन, टेलर झाल्या का’ असं काहीतरी म्हणत. ती मान वर करत नसे. उन्हाळ्यात लोखंडी चाक तापायचं, त्याला ती ओल्या फडक्याने धरायची. धूळ कापडावर बसायची. पण उजेड भरपूर होता. त्या उजेडावर मी शिकलो.

वडील गेले ते मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना. औरंगाबादला सिव्हिल घेतलं ते मला बांधकामाची आवड होती म्हणून नाही. मला ती लोखंडी खुर्ची हवी होती.

नव्वदच्या आसपास मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात लागलो. मुलाखतीत का यायचं आहे विचारलं तर मी गावाचा विकास वगैरे सांगितलं. आमची खोली जिन्याखाली होती. घर बांधणाऱ्या माणसाने आधी नकाशा आणायचा, मालकीचा उतारा जोडायचा, विकास शुल्क भरायचं. मग परवानगी. मग पाया भरून जोता वर आला की आम्ही जाऊन तो तपासायचा. मग घर पूर्ण झालं की राहायला येण्याचा दाखला. या प्रत्येक पायरीवर माणसाला थांबवता येतं, हे मला महिनाभरात कळलं. ‘नाही’ म्हणायची गरजच पडत नाही. ‘उद्या या’ म्हटलं तरी पुरतं.

मी पैसे खात नव्हतो. हे मी गावात सगळ्यांना दिसेल असं वागून दाखवलं. लोक म्हणायचे, पोरगं सरळ आहे. मी सरळ नव्हतो. मी कोणासाठी तरी स्वच्छ राहत होतो. माझ्यावर बोट ठेवायला त्याला जागा मिळू नये म्हणून.

मोरीचं प्रकरण माझ्या लक्षात पहिल्याच वर्षी आलं. गावात जो कोणी घर नव्याने बांधायचा तो मोरी वीतभर रस्त्याकडे सरकवायचा, ‘नवी बांधून देतो’ म्हणून. पालिकेचा खर्च वाचायचा, म्हणून कोणी बोलत नसे. पुढचा माणूस आला की ओव्हरसियर त्या सरकलेल्या मोरीपासून मोजायचा. असं वर्षानुवर्षं होत रस्ता आतल्या आत आवळत गेला होता. नकाशातल्या रस्त्यावर दोन बैलगाड्या एकमेकींना ओलांडून जात होत्या. खऱ्या रस्त्यावर एक जीप आली की माणसं भिंतीला पाठ लावत होती. माप खरं तर रस्त्याच्या मध्यापासून घ्यायला हवं होतं. पण तसं घेतलं तर अर्धं गाव बेकायदा निघणार, म्हणून माझ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे मोरीलाच धरून होते. मीही होतो. पाच वर्षं मी मोरीपासूनच मोजलं. मी त्याची वाट पाहत होतो.

तो आला. मोठ्या मुलाचं लग्न ठरलं होतं, वर मजला चढवायचा होता आणि वर जायला दुकानाशेजारून बाहेरच्या बाजूने जिना काढायचा होता. नकाशाची गुंडाळी टेबलावर ठेवून तो हसला. “आता आपलाच माणूस बसलाय म्हणल्यावर आपल्याला काय चिंता.”

“बसा काका,” मी म्हणालो. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती.

मी नकाशा उघडला आणि त्यात चूक शोधायला लागलो. उत्तर दिशेचा बाण नव्हता. तो काढून आणला तर शेजारच्या मालमत्तांची नावं नव्हती. म्हणजे आमचं नाव. ते घालून आणलं तर उताऱ्यावर त्याच्या हसनाबादच्या भावाची सही हवी म्हणालो, जी खरं तर नको होती. पावसाळा आला आणि गेला. मुलाचं लग्न खालच्याच दोन खोल्यांत झालं. सून आणि सासू एका पडद्याच्या आड राहायला लागल्या. हे मला दिसत होतं. ओट्यावरून आई रोज पाहत होती.

“त्याचं काम का अडवून राह्यलास?” तिने एकदा विचारलं.

“कागद बराबर न्हाईत.”

“पोरीला नवं लगीन होऊन आल्यावर झोपायला जागा न्हाई. तिचा काय दोष?”

“कायदा हाय आई.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “तू त्याच्यासारखं बोलाया लागलास.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

कागद संपले तेव्हा जागेची पाहणी ठेवली. मी दोन मजूर, साखळी, चुन्याची बादली आणि गावाच्या मंजूर आराखड्याची प्रत घेऊन गेलो. सकाळची वेळ, दुकानं उघडत होती, लोक जमले. शेजारी सवयीने मोरीच्या काठावर जाऊन उभा राहिला आणि पायाने जागा दाखवत म्हणाला, “इथून धरा.”

“तिथून न्हाई काका,” मी म्हणालो आणि रस्त्याच्या मधोमध गेलो. खुंटी ठोकली. टेप ओढला. टेप मोरी ओलांडून गेला, त्याची पायरी ओलांडली, शटरच्या आत फूटभर शिरला आणि तिथे आराखड्यातल्या रस्त्याचं माप भरलं. मी मजुराला म्हणालो, “चुना टाक.” दुकानाच्या फरशीवर, खताच्या पोत्यांच्या पुढ्यात पांढरी रेषा पडली.

त्या रेषेइतका आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही. हे मी खोटं लिहिणार नाही. गर्दीत कोणीतरी “अरे बाप रे” म्हणालं. शेजाऱ्याचा चेहरा पडला, मग लाल झाला. मग मी बाजूला गेलो, त्याची भिंत आणि आमची भिंत यांच्या सांध्यावर बोट ठेवून दाखवलं आणि मोठ्याने म्हणालो, “बाजूचं अंतर शून्य. लिहा.” मजुराला लिहिता येत नव्हतं. मीच लिहिलं.

मी डावीकडे, आमच्या ओट्याकडे, पाहिलं नाही. रेषा सरळ पुढे ओढली असती तर ती कुठून जाणार होती, हे शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. मी फक्त त्याच्या दारात उभा होतो.

त्याला नोटीस गेली. जिना मिळणार नाही, शटर मागे घ्या, बाजूची भिंत बेकायदा का ठरवू नये याचा खुलासा करा. आठवडाभराने तो दुपारी कचेरीत आला. जेवणाची सुट्टी होती, खोलीत मी एकटाच होतो. या वेळी तो हसला नाही. दारातच उभा राहिला.

“साहेब, एक बोलू का?”

“बोला.”

“तुमच्या आईची खिडकी. मी ती भिंत तिथं फोडतो. वरचा मजला घेताना तेवढा कोपरा मागं घेतो. तीन फूट मोकळे सोडतो, वरपासून खालपर्यंत. उजेड येईल, वारा बी येईल. माझ्याच खर्चानं. तुम्ही जिन्याचं तेवढं पाहा. जिना आतून काढायला माझं दुकान जातं हो.”

तो आणखी म्हणाला, “त्या येळी मी मस्तीत बोललो. वहिनीला मी तसं बोलायला नको व्हतं.”

आता हे लिहिताना मी त्याच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द तपासून पाहिला आहे. त्यात डाव नव्हता. जिना हवा होता हे तो सरळ सांगत होता, आणि माफीही मागत होता. मला त्या क्षणी हे दोन्ही कळलं होतं. आणि मला वाटलं, याने आता आणखी वाकावं.

“काका,” मी म्हणालो, “मी सरकारी माणूस. घरच्या खिडकीसाठी मी जिना सोडला तर लोक काय म्हणतील? तुमच्याकडं कायदा असंल तर दाखवा.”

तो दारातूनच वळला. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आई ओट्यावर दिवेलागणीच्या आधीचा शेवटचा उजेड पकडून बटणांची काजं करत होती, शर्ट डोळ्यांजवळ धरून. मी चप्पल काढली, पाय धुतले, जेवलो. तिला काही सांगितलं नाही.

त्याने कायदा दाखवला. त्याने जालन्याहून एक वकील आणला. मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज दिला त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: रस्त्याची रेषा माझ्या दारापुढे येऊन मोडते काय? मुख्याधिकारी नवे होते, तरुण होते, मोरीचं माप त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत झाल्यावर आवडलं नाही. त्यांनी मला बोलावून शाबासकी दिली. म्हणाले, तुम्ही हे धाडस केलं, आता ही पूर्ण बाजू मध्यापासून मोजा, टोकापर्यंत. सगळ्यांना सारखा न्याय.

मी मोजलं. रेषा शेजाऱ्याच्या दुकानातून निघून आमच्या उंबऱ्याला लागून गेली. ओटा पूर्ण रस्त्यात होता. आमचा एकट्याचा नाही, त्या बाजूच्या सगळ्यांचे. पण बाकीच्यांच्या ओट्यांवर म्हातारे बसत होते, मिरच्या वाळत होत्या. आमच्या ओट्यावर आमचं घर चालत होतं.

मग दुसरी गोष्ट कळली, जी मला डिप्लोमात शिकवली होती आणि मी विसरलो होतो. रस्त्यावर आलेलं बांधकाम कशानेच नियमित होत नाही, ते पाडावंच लागतं. पण बाजूला सोडायची जागा कोणी सोडली नसेल तर दंड भरून ती चूक कायमची मिटवता येते. शेजाऱ्याने तसा अर्ज केला. भिंतीची लांबी, उंची घेऊन दंडाची आकारणी कोणी काढायची? बांधकाम विभागाने. म्हणजे मी. मी ती काढली. एकदा चुकली म्हणून साहेबांनी परत पाठवली, पुन्हा काढली. त्याने भरला. आईच्या खिडकीपुढच्या विटांवर माझ्या सहीने कायद्याचा शिक्का बसला.

ओटे पाडायला पालिकेचे मजूर आले तेव्हा मी हजर राहायला हवं होतं, नियमाने. मी दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. आईने आधीच मशीन आत नेलं होतं. तिने मजुरांना पाणी दिलं. एकाने विचारलं, “मावशी, साहेब तुमचाच ना?” ती म्हणाली, “हो, माझाच. नीट पाडा, दगड मला लागत्याल चुलीला.” गल्लीतल्या बायका त्यानंतर तिच्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांचेही ओटे गेले होते आणि ते माझ्यामुळे गेले हे त्यांना बरोबर माहीत होतं.

शेजाऱ्याने जिना आतून काढला, दुकान अर्धं झालं. वरचा मजला झाला. सून वर राहायला गेली. मी त्याच्या अर्ध्या दुकानाकडे पाहून मन भरायचा प्रयत्न करत होतो आणि ते भरतही होतं, एवढा मी वाईट होतो.

आई आत बल्बखाली शिवायला लागली. भारनियमन सुरू झालं होतं, दुपारची वीज नसायचीच. काम कमी झालं. मी म्हणालो, आता मी कमावतो, सोड शिवण. ती म्हणाली, “तू कमावतोस ते तुझं. माझं काम माझं हाय.”

एक दिवस मी कचेरीतून आलो तर ती अंधाऱ्या खोलीत मशीनपुढे नुसती बसली होती. शेजाऱ्याची बायको आली होती दुपारी, नातवाचं झबलं घेऊन. बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं होतं.

“तो तुझ्याकडं आल्ता?” आईने विचारलं.

“कोण?”

“नाटक करू नको. खिडकी उघडून देतो म्हणला व्हता. तीन फूट.”

“हो.”

“अन् तू न्हाई म्हणलास.”

“हो.”

“मला विचारलं का न्हाईस?”

माझ्याकडे नियमातली दोन-तीन उत्तरं होती. ती मी दिली. पदाचा गैरवापर झाला असता, लोक काय म्हणाले असते, चौकशी लागली असती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“खिडकी माझी व्हती,” ती म्हणाली. “हसले ते बी मला हसले. तुला कोण हसलं व्हतं? तुला तर भजी देऊन राह्यले व्हते.”

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याने मला थांबवलं. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. मी खताच्या पोत्यांशेजारी उभा राहिलो. शेवटी मी म्हणालो, “काका, तुम्ही त्या दिवशी खिडकीचं म्हणाला होतात. तेवढं करून द्या. खर्च मी करतो.”

“आता?” तो म्हणाला. त्याने गल्ल्याखालून मंजूर नकाशा काढला, उलगडला, माझी सही वर आली. “साहेब, पास झालेल्या नकाशात एक वीट बी इकडची तिकडं करता येत न्हाई. तुम्हीच बजावलं मला, समद्यांसमोर. सुधारित परवानगी काढावी लागंल. पुन्हा शुल्क, पुन्हा पाहणी. अन् त्या भिंतीवर आता वरच्या मजल्याचा भार हाय. मी मागं पुढं पाहणारा माणूस न्हाई, पण आता ती फोडली तर सून खाली येईल माझी.” त्याने नकाशा पुन्हा गुंडाळला. “त्या दिवशी मी तुमच्या दारात उभा व्हतो. खुर्ची न्हाई दिलीत.”

तो सूड घेत होता आणि बरोबरही बोलत होता. मला दोन्हींचा राग आला.

घरी येऊन मी आईला सांगितलं की होत नाही. तिला ते माहीत असावं. तिने विचारलं, “रस्ता कोणाचा?”

“सगळ्यांचा.”

“त्यावर काय बांधायचं न्हाई.”

“न्हाई.”

“बांधलं न्हाई, नुसतं ठेवलं, अन् संध्याकाळी उचललं तर?”

मी विचार केला. पाया नाही, जोता नाही, छत नाही. “मग ते बांधकाम होत न्हाई,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीन ओढत बाहेर आणलं आणि जिथे ओटा होता त्याच जागी, रस्त्याच्या मातीवर, उघड्यावर ठेवलं. डोक्याला पदर, पायाखाली गोणपाट. शेजाऱ्याच्या दुकानात पोती उतरवायला जीप आली तर तिला वळसा घालावा लागला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आई शिवण संपेपर्यंत उठली नाही. मग शेजाऱ्याकडे पाहत म्हणाली, “वाजवू द्या. परवानगी हाय का विचारा त्याला वाजवायची.” गल्लीतल्या ज्या बायका बोलत नव्हत्या त्यांच्यातली एक आपल्या दारात तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या दिवशी तिने पोलकं शिवायला आणलं.

महिनाभरात शेजाऱ्याचा अर्ज आला: सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण. तो माझ्याच टेबलावर यायचा होता आणि आला. मी पाहणीला गेलो. नियमाने मजूर घेतले, टेप घेतला. आई गणवेशाच्या चड्डीला कंबरपट्टी लावत होती. आम्ही तिघं तिच्यासमोर उभे राहिलो. शेजारी शटरच्या दारात.

“मोजायचं असंल तर लवकर मोज,” ती म्हणाली. “उन्हं चढायच्या आत एवढं उरकायचंय.”

मी टेप उघडला नाही. कचेरीत येऊन अर्जाच्या खाली शेरा लिहिला: स्थळ पाहणी केली, बांधकाम आढळून आले नाही. सही केली. प्रत शेजाऱ्याला द्यायला शिपाई नको म्हणून मी स्वतः गेलो. त्याने ती दुकानात उभ्याउभ्या वाचली, चार घड्या केल्या, सदऱ्याच्या खिशात घातली आणि पोती मोजायला लागला. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

बाहेर आलो तर आभाळ काळं झालं होतं, वारा सुटला होता आणि आई मशीन घराकडे ओढत होती. चाक मातीत रुतलं होतं. मी धावत जाऊन दुसरी बाजू धरली.

“सोड,” ती म्हणाली.

मी सोडली. तिने एकटीने ते उंबऱ्यावर चढवलं, पलीकडे घेतलं आणि आत अंधार होता तिथे नेऊन ठेवलं.